तीन पायऱ्यांचा केंद्रशासित प्रदेश

मला फक्त तीन पायऱ्यांना एक कठडा बसवायचा होता. पूल बांधायचा नव्हता, मजला चढवायचा नव्हता. घराच्या दारापुढे तीन पायऱ्या, त्यांच्या कडेला हाताला धरायला एक लोखंडी दांडा, बस्स. कुठलाही वेल्डर हे काम चहा गार व्हायच्या आत करतो. पण मी नागरिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे आणि आमच्या आवाराची घटना मीच लिहिलेली आहे, त्यामुळे ते इतकं सोपं होणार नव्हतं.

कठडा हवा होता सासूबाईंसाठी. त्यांचे गुडघे गेलेत, बाकी सगळं शाबूत आहे, विशेषतः आवाज. आता त्या एकट्या न राहता मुलीकडे येणार होत्या, आणि त्यांच्या दोन्ही मुली एकाच आवारात राहतात. थोरली माझी बायको. धाकटी ब इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या साडूकडे. कुणाकडे राहणार असं विचारल्यावर सासूबाईंनी फोनवर एकच अट सांगितली, "जिथून मला कुणाचा हात न धरता बाहेर पडता येईल, तिथं राहीन." साडूकडे लिफ्ट आहे. माझ्याकडे तीन पायऱ्या आणि कडेला नुसती मोकळी हवा.

साडूबद्दल एकदा सांगून टाकतो म्हणजे मन मोकळं होईल. माझ्यापेक्षा वयानं लहान, फरशीचं मोठं दुकान, केस अजून सगळे जागेवर. त्याला घरात कुठलीही गोष्ट कुठं ठेवली ते आठवतं. मुलाखतीत विचारल्यासारखी उत्तरं देतो, थोडक्यात आणि बरोबर. माणूस वाईट नाही, हीच तर खरी अडचण आहे. वाईट असता तर मी चारचौघांत मोकळेपणानं त्याचा राग केला असता. चांगल्या माणसाचा हेवा आतल्या आत करावा लागतो, आणि त्याचं पित्त होतं. सासूबाई त्याला 'आमचे धाकटे जावई' म्हणतात आणि मला 'हे'.

बायकोनं कठडा मागितला नव्हता. लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडे ठासून काही मागितल्याचं आठवत नाही. मागून मिळत नाही हे तिच्या लवकर लक्षात आलं असावं. तिनं फक्त पुढच्या खोलीतलं माझं पुस्तकांचं कपाट मागे सरकवलं, खिडकीपाशी खाट लावली, तिच्यावर धुतलेली चादर घातली. दुसऱ्या दिवशी तीच चादर काढून पुन्हा धुतली. खाटेवर कुणी बसलेलंही नव्हतं. ते पाहिल्यावर मी म्हटलं, कठडा बसवतोच, कुणाच्या बापाची भीती आहे काय.

आता घटनेकडे येतो. आमच्या आवारात अ, ब आणि क अशा तीन इमारती आहेत. पूर्वी सगळ्यांचा कारभार एकत्र चालायचा, म्हणजे चालायचा नाही. अ मधला दिवा गेला तर क मधले लोक हरकत घ्यायचे. जिन्याला कुठला रंग द्यायचा यावर तीन सभा झाल्या आणि जिना तसाच राहिला. शेवटी अध्यक्ष मला म्हणाले, सर, तुम्ही आयुष्यभर पोरांना संघराज्य शिकवलंत, आता आम्हालाही काही करून द्या. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्यापुढे तोंड उघडलं की नाही म्हणता येत नाही.

मी बसलो आणि लिहिली. संघराज्य म्हणजे काय, तर कुणाचं काम कुणाचं हे आधी ठरवायचं, म्हणजे नंतर भांडायला विषय स्पष्ट असतात. केंद्रसूचीत फाटक, पाण्याची टाकी, पंप, मुख्य नळ, कुंपण आणि मोकळं आवार. राज्यसूचीत जिने, लिफ्ट, दिवे, रंग, कुंड्या. त्यात प्रत्येक इमारत आपली मालक. समवर्ती सूचीत गाड्या, कुत्री, वाळत घातलेले कपडे आणि उडणारी धूळ, म्हणजे ज्यांत दोघांनीही लक्ष घालायचं. जे कुठंच लिहिलं नाही ते अधिकार केंद्राकडे. आणि शेवटी, भाषेला जरा वजन यावं म्हणून, मी एक वाक्य टाकलं: 'जो भाग कोणत्याही इमारतीत मोडत नाही, तो केंद्रशासित प्रदेश समजावा व त्याचा कारभार केंद्रानं प्रशासकामार्फत पाहावा.' ते लिहिताना माझ्या डोळ्यापुढं पंपाची खोली होती आणि स्कूटरची शेड होती. सभेत मी ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं, कारण ते मला आवडलं होतं. टाळ्या पडल्या. घटना एकमतानं मंजूर झाली. प्रत्येक इमारतीनं आपला प्रमुख निवडला आणि लोक त्यांना गमतीनं मुख्यमंत्री म्हणू लागले. ब इमारतीचा मुख्यमंत्री कोण झाला हे सांगायची गरज नाही. त्याच्याविरुद्ध कुणी उभंसुद्धा राहिलं नाही.

तर मी कठड्याची परवानगी मागायला डॉक्टरांकडे गेलो. खरं म्हणजे परवानगी मागायची नव्हती, नुसतं कानावर घालायचं होतं. जिना राज्यसूचीत आहे, आपलं घर आपलं राज्य. डॉक्टरांनी चष्मा लावला, माझी घटना काढली आणि विचारलं, "सर, पण तुमचं घर कुठल्या इमारतीत येतं?"

माझं घर कुठल्याच इमारतीत येत नाही. फाटकाजवळ, पंपाच्या खोलीला लागून एक सुटं बैठं घर आहे. इमारती बांधल्या तेव्हा ते कंत्राटदाराचं ऑफिस होतं, मग आम्ही विकत घेतलं. इतकी वर्षं त्या सुटेपणाचा मला केवढा अभिमान होता. वरती कुणी नाही, खाली कुणी नाही, भिंतीला भिंत नाही. डॉक्टरांनी मला माझंच वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं वाचलं. मी राज्य नव्हतो. मी केंद्रशासित प्रदेश होतो, पंप आणि स्कूटरच्या शेडसकट.

आमचे प्रशासक म्हणजे क इमारतीतले निवृत्त ग्रंथपाल. आयुष्यभर त्यांनी पुस्तकं बाहेर जाऊ नयेत याची काळजी घेतली. ती सवय परवानग्यांच्या बाबतीत कायम आहे. ते हळू आवाजात बोलतात आणि समोरच्यालाही हळू बोलायला लावतात. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की त्यांच्या अखत्यारीत एक पंप, एक शेड, एक पाण्याचं मीटर आणि आम्ही दोघं येतो. "बोलणारे असे तुम्हीच," ते म्हणाले, "तेव्हा तुमच्याकडे माझं विशेष लक्ष राहील."

मग त्यांनी कठड्याचं पृथक्करण केलं. पायऱ्या प्रदेशात येतात, ते ठीक. पण कठड्याचा खालचा खांब शेवटच्या पायरीच्या पुढं, मोकळ्या आवारात रोवला जाणार, आणि आवार केंद्रसूचीत, म्हणजे डॉक्टर. शिवाय भोक पाडताना धूळ उडणार, ती ब इमारतीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणार, आणि धूळ व कपडे दोन्ही समवर्ती सूचीत. म्हणजे ब इमारतीच्या प्रमुखांची संमती लागणार. "घटना फार बारकाईनं लिहिलीय सर तुम्ही," ते कुजबुजले. मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार.

साडूची संमती. मी घरी येऊन बायकोला म्हटलं की एक वेळ मी सासूबाईंना खांद्यावर घेऊन चढवीन, पण त्याच्यापुढं हात पसरणार नाही. ती म्हणाली, आधी स्वतःची पाठ बघा. आणि तांदूळ निवडत बसली.

इकडे ब इमारतीत राज्यकारभार नुसता सुसाट सुटला होता. जिन्याला रंग लागला. प्रत्येक मजल्यावर दिवा आला, तोही माणूस दिसला की आपोआप लागणारा. प्रवेशद्वारावर फरशीच्या तुकड्यांत 'ब' हे अक्षर बसवलं गेलं, निळ्यावर पांढरं, आणि ते सुंदर दिसत होतं, हे मी कुणाजवळ बोललो नाही. एका सकाळी मेहुणी मुद्दाम मला बोलवायला आली. "भावोजी, लिफ्ट बघा ना आमची." लिफ्टच्या कोपऱ्यात भिंतीला घडीचं स्टूल बसवलेलं होतं, त्यावर मऊ गादी, गादीला अभ्रा. आईला उभं राहायला नको म्हणून. साडू बाजूला उभा होता आणि म्हणत होता, काही विशेष नाही, दुकानात एक माणूस रिकामाच होता. मी त्या स्टुलावर बसून पाहिलं. फार आरामशीर होतं. त्याचाच राग येऊन मी तिसऱ्या मजल्यापर्यंत उठलो नाही.

त्याच दुपारी मी निर्णय घेतला. घटनेत 'बांधकाम' हा शब्द आहे, 'बांधणं' हा नाही. म्हणजे जे रोवायचं नाही, भोक पाडायचं नाही, नुसतं बांधायचं आहे, त्याला कुणाचीच परवानगी नको. पायऱ्यांच्या कडेनं, माझ्या भिंतीला लागून, पंपाच्या खोलीतून वर जाणारा एक जाड नळ आहे. मी चांगला गुळगुळीत बांबू आणला. त्याचं एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं त्या नळाला सुतळीनं घट्ट बांधलं. समोरच्या दुकानदारानं येऊन सांगितलं, सर, सुतळी नको, तार घ्या. अ इमारतीतल्या काकूंनी सांगितलं की बांबूला कापड गुंडाळा, म्हाताऱ्या माणसाच्या हाताला कुसळं लागतात. वाटेनं जाणाऱ्या एका अनोळखी गृहस्थानं सांगितलं की नळाला काही बांधू नये. मी त्याला विचारलं, आपण इथले रहिवासी आहात काय. तो नाही म्हणाला. मग मी त्याचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आवारातली सगळी माणसं आंघोळीला उभी असताना, मी कठड्याची चाचणी घेतली. सासूबाईंचं वजन माझ्यापेक्षा थोडं जास्त आहे, म्हणून दोन पुस्तकांच्या पिशव्या खांद्याला लावल्या आणि बांबूला धरून पहिली पायरी चढलो. बांबूनं उत्तम काम केलं. सुतळीनंही केलं. नळानं केलं नाही. तो सांध्यातून निघाला आणि पाण्याची धार थेट माझ्या छातीवर आली. मी पुस्तकांसकट खाली बसलो. बायको दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि आधी आत जाऊन खाटेवरची चादर उचलली, कारण पाणी खिडकीतून आत चाललं होतं.

तिन्ही इमारतींचं पाणी गेलं. माणसं खाली उतरली. एकाच्या तर कानाला फेस तसाच होता. आणि मग जे व्हायचं ते झालं. ग्रंथपाल म्हणाले, नळ मुख्य आहे, तो केंद्रसूचीत, माझा संबंध नाही. डॉक्टर म्हणाले, नळ केंद्राचा पण फुटला प्रदेशात, तेव्हा प्रशासकांनी बघावं. अ इमारतीचे मुख्यमंत्री म्हणाले, पाणी वाहतंय ते ब च्या गाड्यांखाली, गाड्या समवर्ती आहेत, आम्ही काय करणार. डॉक्टरांनी आणीबाणी जाहीर करता येते का ते शोधलं. येत होती, तिन्ही प्रमुखांच्या लेखी संमतीनं, आणि क चे प्रमुख ऑफिसला निघून गेले होते. सगळ्यांच्या हातात माझी घटना होती आणि सगळे मला विचारत होते की आता काय करायचं. मी भिजलेला होतो, पण अर्थ बरोबर सांगत होतो.

तेवढ्यात साडू हातात पाना घेऊन आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. पंपाच्या खोलीत शिरला, दुसऱ्या राज्याच्या माणसाला तिथं शिरायचा काडीचा अधिकार नसताना, आणि कॉक बंद केला. मग दुकानातला माणूस बोलावून नळ जोडून घेतला. घटनेचा इतका उघड भंग मी पाहिला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या घटनेला वाजल्या होत्या त्यापेक्षा जास्त वाजल्या.

संध्याकाळी सभा झाली. मला वाटलं दंड होईल. दंड परवडला असता. साडू उभा राहिला आणि नेहमीसारखं थोडक्यात आणि बरोबर बोलला, "सरांचं घर ब इमारतीत घ्या. मग पायऱ्या राज्यसूचीत येतात. कठडा मी उद्या बसवतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरांचा चेहरा उजळला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राज्य नसलो तरी मी माझा होतो; आता मी साडूच्या राज्यातली तळमजल्याची खोली होणार होतो, आणि दारावर ते निळं 'ब' लागणार होतं.

मी उठून सांगितलं की विलीनीकरणाआधी प्रदेशातल्या मतदारांचा कौल गुप्त मतदानानं घ्यावा लागतो, आणि मतं समसमान पडली तर स्थिती जैसे थे. हेही मीच लिहिलेलं होतं. प्रदेशात मतदार दोन होते, मी आणि माझी बायको.

मतदान शुक्रवारी स्कूटरच्या शेडमध्ये झालं. मतपेटी म्हणून डॉक्टरांनी कवळीच्या साच्यांचा डबा दिला. ग्रंथपालांनी आम्हाला एकेक करून आत सोडलं आणि आपापसात बोलू नका असं सांगितलं, नवराबायकोला हे सांगावं लागत नाही याची त्यांना कल्पना नव्हती. माझा विचार पक्का होता. 'नाही' लिहायचं, तेही ठळक. मी पेन्सिल उचलली, आणि शेडच्या जाळीतून मला आमची खिडकी दिसली. बायको आधीच मत देऊन घरी परतली होती आणि खाटेवर पुन्हा ती चादर घालत होती. कोपरे खेचून खेचून सारखे करत होती. सासूबाई रविवारी येणार होत्या. ग्रंथपाल बाहेरून खोकले. मग मी 'हो' लिहिलं. अक्षर बारीक काढलं, पण लिहिलं.

मतमोजणी फार वेळ चालली नाही. एक हो, एक नाही.

घरी आल्यावर मी चपला दोनदा सरळ लावल्या. मग मी विचारलं, "तू 'नाही' लिहिलंस?"

"आणि तुम्ही 'हो'," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "सभेत तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. मला बघवलं नाही. आईला काय, मी तिकडे जाऊन भेटले असते. लिफ्ट आहेच की."

मला त्या क्षणी बायकोचा इतका अभिमान वाटला आणि घटनेचा इतका राग आला की मी उठून स्वयंपाकघरात गेलो. चहा मी केला. साखर विसरलो. तिनं तो तसाच प्यायला.

रविवारी सासूबाई आल्या. साडूच्या गाडीतून आल्या, हे ओघानंच आलं. फाटकातून आत शिरलं की पहिलं घर आमचं लागतं, तिथं त्यांनी गाडी थांबवायला लावली. काठी टेकत उतरल्या. पायऱ्यांकडे पाहिलं, रिकाम्या कडेकडे पाहिलं, आणि विचारलं, "इथं धरायला काही नाही?" गाडी पाहून आवारातली माणसं जमली होती. बायको दारात उभी होती, हात पदराला पुसत. ते कोरडेच होते. शेवटी डॉक्टर पुढं झाले आणि त्यांना संघराज्य समजावून सांगू लागले. केंद्रसूची झाली, राज्यसूची झाली. समवर्ती सूचीपाशी सासूबाई दुसऱ्या पायरीवर खाली बसल्या. गुडघे चोळत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन जावयांचं भांडण आहे."

साडू म्हणाला, तसं काही नाही. मीही तेच म्हणालो. त्याच वेळी, त्याच शब्दांत.

"आई, वर चल," मेहुणी म्हणाली. "लिफ्टमध्ये बसायला केलंय तुझ्यासाठी."

"बसते कशाला मी लिफ्टमध्ये," सासूबाई म्हणाल्या. "वरती गेले की खाली यायला कुणाची तरी वाट बघायची. इथं दार उघडलं की रस्ता दिसतो. माझी खाट कुठं घातलीय?" बायकोनं खिडकीकडे बोट दाखवलं. "मग मी इथंच राहणार. यांच्याकडे."

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. मी साडूकडे पाहिलं. तो गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत होता, आणि ते दृश्य मी डोळे भरून पाहून घेतलं. ग्रंथपाल माझ्या कानात कुजबुजले की आता प्रदेशात तीन मतदार झाले, तेव्हा फेरमतदान घेता येईल. डॉक्टर डबा आणायला निघाले.

"काही डबाबिबा नको," सासूबाई म्हणाल्या. "घर आहे तिथंच राहू दे. कठडा तेवढा धाकट्या जावयांना बसवू दे. ह्यांनी बसवला तर मी पडेन."

डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या राज्यानं प्रदेशात बांधकाम करायचं, हे घटनेत बसत नाही. एक वाक्य आडवं येतं. सासूबाईंनी विचारलं, कुणाचं वाक्य. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्यापुढं हात केला, आणि मी माझ्याच घटनेतलं, दोनदा वाचून दाखवलेलं ते वाक्य, आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर वापरलेल्या लाल पेननं खोडलं. ब इमारतीच्या प्रमुखांचा कठडा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसला. चकचकीत, गोल, आणि पक्का.

आता सासूबाई आमच्याकडे असतात. सकाळ-संध्याकाळ कुणाचा हात न धरता पायऱ्या उतरतात, फाटकापर्यंत जातात, परत येतात. बायको आत गाणं गुणगुणते. ती गाते हे मला माहीत नव्हतं. सगळं माझ्या मनासारखं झालेलं आहे. फक्त उतरताना आणि चढताना, म्हणजे रोज चार वेळा, सासूबाई कठड्यावर थोपटतात आणि वाटेनं जाणाऱ्याला सांगतात, "काय घट्ट बसवलाय आमच्या धाकट्या जावयांनी." तो जाणारा मीही असलो तरी सांगतात.

परवा त्या तिसऱ्या पायरीवर उन्हात बसल्या होत्या, मी शेजारी पेपर वाचत होतो. वर पाहिलं तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत साडू उभा. बराच वेळ आमच्याकडे बघत होता. खाली आला, तेव्हा त्याच्या हातात लिफ्टच्या स्टुलावरची ती गादी होती. म्हणाला, पायरी गार असते, आईंसाठी घ्या. मी घेतली, सासूबाईंना दिली. त्यांनी ती खाली घातली, बसून पाहिली आणि मला म्हणाल्या, "बघा, शिका काहीतरी."